मामा तलावातल्या मरळीसाठी टिपेट कोणतं घ्यावं? नायलॉन की फ्लोरोकार्बन?

चुलबंदकाठ

नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पुढे राहतो. आजवरची सगळी मासेमारी बांबूची गरी आणि तंगूस (नायलॉनचा धागा) यांच्यावर झाली. यंदा आतेभावाने त्याचा फ्लाय रॉड मला देऊन टाकला. ९ फुटी, ६ नंबरचा, सोबत रील आणि तरंगणारी लाइन. धान निघाल्यावर बांध्या मोकळ्या होतात, तिथे कास्टिंगचा सराव केला. आता लाइन बऱ्यापैकी सरळ पडते.

गाडी अडली आहे ती टिपेटवर. लीडरच्या, म्हणजे लाइनपुढच्या निमुळत्या धाग्याच्या, टोकाला जो शेवटचा दोन-तीन फुटांचा बारीक धागा असतो, ज्याला फ्लाय (पिसा-केसांचं नकली आमिष) बांधायची, तो कशाचा आणि किती जाड घ्यावा हे कळेना. नागपूरच्या एका दुकानात विचारलं तर म्हणाले फ्लोरोकार्बनच घ्या, पाण्यात दिसत नाही. किंमत नायलॉनच्या दोन-तीन पट. एका रिळावर ४ एक्स लिहिलंय, दुसऱ्यावर ८ पाउंड, तिसऱ्यावर ०.२३ मि.मी. एकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नाही.

मला मुख्यतः गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात मरळ करायची आहे. अधूनमधून तिलापिया. हिवाळ्यात चुलबंद नदीचं पाणी निवळलं की खडकाळ डोहांतही जातो. वाचायला मिळतं ते सगळं ट्राउटचं आणि थंड पाण्याचं. आपल्या पाण्यासाठी काय घ्यावं ते इथल्या माणसांकडून ऐकायचंय.

पेंचकडचा

स्वागत आहे भाऊ. आधी आकड्यांचा गोंधळ काढून टाकू.

एक्स म्हणजे जाडी, ताकद नव्हे. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरलं ते इंचाचे हजारावे भाग. ४ एक्स म्हणजे ०.००७ इंच, म्हणजे ०.१८ मि.मी. ३ एक्स ०.२० मि.मी., २ एक्स ०.२३, १ एक्स ०.२५ आणि ० एक्स ०.२८. आकडा चढत जातो तसा धागा बारीक होत जातो, म्हणून नवीन माणूस चक्रावतो.

ही पद्धत नायलॉनच्या आधीची आहे. तेव्हा टिपेट रेशमाच्या किड्याच्या ग्रंथी ताणून काढलेल्या तंतूचं असायचं. तो तंतू धातूच्या पट्टीतल्या छिद्रांमधून ओढून बारीक करत. जितक्या वेळा ओढला तितके एक्स. आपल्याकडे भंडारा-गडचिरोलीत ऐनाच्या झाडांवर कोसा पाळणारी ढीवर कुटुंबं आहेत, त्यांना या कामातली मेहनत लगेच कळेल. फक्त तो किडा तुतीवरचा, आपला कोसा वेगळा. १९३५ साली ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांनी नायलॉन बनवलं आणि पुढे रेशमाचा तंतू मागे पडला. मोजायची रीत मात्र टिकली.

पाउंड म्हणजे किती वजनाला धागा तुटतो. तो आकडा कंपनीप्रमाणे बदलतो. साधारण धरायचं तर ४ एक्स ६ पाउंडांच्या आसपास, २ एक्स १० च्या आसपास, ० एक्स १५ च्या आसपास.

गळाच्या नंबरवरून टिपेट काढायचा सोपा हिशोब म्हणजे नंबराला ३ ने भागणं. १२ नंबरच्या फ्लायला ४ एक्स, ६ नंबरच्या फ्लायला २ एक्स. तिलापियासाठी हा हिशोब चालतो. मरळीसाठी चालत नाही. त्याबद्दल सावकाश लिहितो, पण आधी सांगा, तलावात झाडोरा किती आहे?

चुलबंदकाठ

भरपूर. अर्ध्या तलावात कमळ, एका बाजूला शिंगाड्याची वेल, आणि पाळीच्या कडेने बेशरमाची झुडपं माजलीत. मरळ नेमकी त्या बेशरमाच्या बुडाशी बसते.

स्क्रूगेज

मी गडचिरोली जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. घरात मासेमारी नवऱ्याची, मोजमाप माझं.

रिळावर काय छापलंय यावर अवलंबून राहू नका. अकरावीच्या प्रयोगशाळेत स्क्रूगेज असतो, त्याचं लघुतम माप ०.०१ मि.मी. व्हर्निअर यासाठी भरड पडतो, कारण एका एक्सचा फरकच ०.०२५ मि.मी.चा आहे. गावात लेथचं वर्कशॉप असेल तर तिथेही मायक्रोमीटर मिळेल. धागा जबड्यात धरून मागच्या रॅचेटनेच फिरवा. मूठ आवळून फिरवलं तर नायलॉन चेपतं आणि माप खोटं येतं. एकाच जागी नाही, थोड्या थोड्या अंतरावर मोजा आणि धागा थोडा फिरवूनही मोजा, म्हणजे तो गोल आहे की चपटा तेही कळेल. बाजारातला मोकळा तंगूस मी असा मोजलाय. एकाच रिळात जाडी कमीजास्त निघते. टिपेट म्हणून विकलं जाणारं चांगलं रीळ बहुतेक एकसारखं असतं. जास्तीचे पैसे जातात ते या एकसारखेपणाचे, आणि ते मला रास्त वाटतात, कारण धागा तुटतो तो सरासरी जाडीला नाही, सगळ्यात बारीक जागी.

दुसरी गोष्ट. ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. ०.२० वरून ०.२८ मि.मी.वर गेलात तर जाडी दीडपटही होत नाही, पण ताकद जवळपास दुप्पट होते. डोळ्याला तो फरक जाणवणारही नाही. म्हणून 'एकच नंबर जाड घेऊन काय होणार' असं कोणी म्हणालं तर हा हिशोब दाखवा. उलटंही तेवढंच खरं आहे. दोन रिळांवर ३ एक्स आहे आणि एकावर पाउंड फारच जास्त छापलेत, तर आधी जाडी मोजा. बऱ्याचदा तो धागा मुळात जाड निघतो.

गरीवाला

मी ढीवर समाजाचा, आमच्या मच्छीमार संस्थेत हाय. फ्लाय का असते ते मले पोराने मोबाइलवर दाखवलं. तुमचं सामान वेगळं असन, पन मासा तोच हाय, म्हणून लिहून राहिलो.

मरळ गळाले लागली का पयला झटका खाली देते. कमळाच्या देठात शिरते अन् देठाले वेढा मारते. देठ बारीक दिसते, पन त्यावर खरखर असते. बेशरमाच्या काड्या त्याहून वाईट, पान्यात कुजून टोकदार झालेल्या राह्यतात. तुम्ही मासा खेळवत बसान तं धागा घासून जाईन. आमी मरळीले सरळ वढून काढतो, खेळवत नाई. तंगूस जाडच पाह्यजे. अन् मरळीले धागा दिसते का नाई दिसते, मी याचा विचार कधी केला नाई. बेडूक पान्यावर उडी मारून राहिला का ती धाग्याकडे पाहत नाई.

एक सांगतो, राग नका मानू. पावसाळ्यात मरळीची पिल्लं लाल-नारंगी झुबक्यात वर फिरत राह्यतात अन् खाली जोडी राखण करते. त्या जोडीले गळ लावू नका. ती गेली का झुबका दुसरे मासे खाऊन टाकतात. अन् तलाव संस्थेच्या ठेक्यात असन तं आधी विचारून घ्या. विचारलं तं कोनी नाई म्हणत नाई, न विचारता बसलं का भांडन होते.

पेंचकडचा

गरीवाले दादा, तुम्ही लिहिलंत त्यातच उत्तर आहे, मी फक्त सामानाच्या भाषेत मांडतो.

चुलबंदकाठ भाऊ, मरळीसाठी टिपेट निवडताना प्रश्न असा विचारा: धागा तुटणार कशाने? ट्राउटच्या पुस्तकांत गृहीत धरलेलं असतं की पाणी काचेसारखं आहे, मासा लाजाळू आहे आणि मोकळ्या प्रवाहात खेळवायचा आहे. तिथे बारीक आणि न दिसणारा धागा लागतो. तुमच्या तलावात पाणी गढूळ-हिरवट, फ्लाय वरच्या वर, मासा दोन हातांवर गचपणात. तिथे धागा तुटतो घासून आणि पहिल्या झटक्याला गाठीपाशी. म्हणजे तुम्हाला जाडी हवी, खरबरीतपणा सोसणारा पृष्ठभाग हवा आणि पक्की बसणारी गाठ हवी. पाण्यात दिसणं-न दिसणं ही शेवटची बाब.

आता दोन्ही पदार्थांचं.

नायलॉन मऊ असतं, ताणलं तर लांबतं आणि झटका पचवतं. घनता सुमारे १.१४, म्हणजे पाण्यापेक्षा थोडीच जास्त, त्यामुळे बारीक नायलॉन पाण्याच्या वरच्या थरावर बराच वेळ तग धरतं. बेडकाची फ्लाय किंवा पॉपर (पाण्यावर तरंगत आवाज करणारी फ्लाय) वापरताना हे फार उपयोगी, कारण टिपेट बुडालं तर ते फ्लायचं नाक खाली ओढतं. दोष असा की नायलॉन पाणी शोषतं. भिजल्यावर थोडं नरम पडतं, गाठीची ताकदही काहीशी घटते. आणि ऊन त्याला खातं.

फ्लोरोकार्बन म्हणजे पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक. घनता सुमारे १.७८, त्यामुळे लवकर बुडतं. पाणी जवळपास शोषत नाही, उन्हाने खराब होत नाही, पृष्ठभाग कडक म्हणून घासणं जास्त सोसतं. 'दिसत नाही' म्हणतात त्याचं कारण अपवर्तनांक. पाण्याचा १.३३, फ्लोरोकार्बनचा सुमारे १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर. पाण्याच्या जवळ आहे, पाण्याइतका नाही. म्हणजे कमी दिसतं, अदृश्य होत नाही. ताठ असल्याने गाठ नीट दाबून बसवावी लागते, घाईत बांधली तर सरकते.

मरळीसाठी माझं मत स्पष्ट आहे. चांगलं, कडक जातीचं नायलॉन, ०.३५ ते ०.४० मि.मी. एक्सची भानगडच नको, हे ० एक्सच्याही वरचं आहे. लांबी तीन फुटांपेक्षा जास्त ठेवू नका. मोठी, केसाळ, गवतरोधक तार लावलेली फ्लाय बारीक टिपेटवर उलटतच नाही, हवेत गरगरते आणि धाग्याला पीळ पडतो. जाड टिपेट तिला सरळ पुढे टाकतं.

तिलापियाला १२-१४ नंबरच्या छोट्या निंफ (पाण्यातल्या किड्यासारख्या बुडणाऱ्या फ्लाय), त्यासाठी ०.१८ किंवा ०.२० चं नायलॉन पुरेसं.

वऱ्हाडी गळ

पेंचकडच्या भाऊंशी मरळीपुरता सहमत. पण या चर्चेत एकदम नायलॉनचीच बाजू घेतली जाऊन राहिली, ते मला पटलं नाही.

मी अमरावती जिल्ह्यातला. माझं पाणी म्हणजे अप्पर वर्धाचा जलाशय. डिसेंबर-जानेवारीत कडेचं पाणी इतकं नितळ होते की चार-पाच फुटांवरचा तळ दिसते. सायप्रिनस (कॉमन कार्प) कडेला येऊन चिखल उकरतो आणि बारीकसारीक टिपतो. तिथे फ्लाय तळाला जाऊन पडायला पाहिजे आणि टिपेटही तिच्याबरोबर खाली गेलं पाहिजे. नायलॉन मधेच लोंबकळते, फ्लाय वर उचलल्यासारखी होते, मासा येतो, पाहतो, वळून जातो. त्याच जागी त्याच जाडीचं फ्लोरोकार्बन लावलं की फरक दिसते. सायप्रिनस फार चौकस मासा आहे. शिवाय आमच्याकडे काठाला बेसाल्टचे धोंडे, धारदार. मासा पळाला की लाइन त्यावरून घासत जाते.

त्यामुळे निवळ पाणी, तळाची फ्लाय आणि दगड, हे तीन एकत्र आले की पैसे खर्च करा. मी ०.२० आणि ०.२३ चं फ्लोरोकार्बन ठेवतो. एक रीळ वर्षानुवर्षं टिकते, कारण ते उन्हाने मरत नाही. नायलॉन दरवर्षी बदलावं लागते हे धरलं तर किंमतीतला फरक वाटतो तेवढा राहत नाही.

पेंचकडचा

मान्य. निवळ पाण्यातल्या तळाच्या फ्लायसाठी मीही फ्लोरोकार्बनच लावतो. चुलबंदच्या खडकाळ डोहांना तुमचा सल्ला जसाच्या तसा लागू पडेल. तिथे ०.२३ च्या खाली जायला नको, पूर्वेकडे बेसाल्ट नसला तरी खडकाच्या कपारी धाग्याला तशाच कापतात, आणि डोहात कधी काय लागेल सांगता येत नाही.

नवखा गोंदिया

मधेच विचारतो. ब्रेडेड लाइन एवढी बारीक आणि एवढी मजबूत असते, तीच टिपेट म्हणून लावली तर? आणि शिवड्याला दात असतात, त्याला तार लावावी का?

वऱ्हाडी गळ

ब्रेडेड नको. ती ताणली जात नाही, झटका सरळ गाठीवर आणि गळावर येतो. ताणाखाली दगडावर टेकली की तंतू तंतू सुटून कापली जाते. नायलॉनशी बांधली तर बारीक असल्याने त्यात रुतते. रीलवर फ्लाय लाइनच्या मागे बॅकिंग म्हणून चालते, पुढे नाही.

शिवड्याचे दात बारीक आणि दाट पट्ट्यांत असतात, तो धागा कापत नाही, कानसतो. टिपेट आणि फ्लायच्या मध्ये ०.५० ते ०.६० मि.मी.चा वीतभर कडक नायलॉनचा तुकडा पुरतो. तार जड, फ्लायची चाल मारते.

चुलबंदकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. जाड टिपेट घेतलं तर मासा खेळवण्याचा आनंद कमी होईल असं आतेभाऊ म्हणतो. दुसरं, नायलॉनला ऊन खातं म्हणता, तर आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो. मग?

पेंचकडचा

आतेभावाला माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा.

गरम पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी असतो. एप्रिल-मेमध्ये उथळ तलावाचं पाणी दुपारी हाताला कोमट लागतं. त्यात रोहू किंवा कटला बारीक धाग्यावर अर्धा तास खेळवला तर तो इतका दमतो की सोडून दिल्यावरही वाचेलच असं नाही. पोहत गेला म्हणजे वाचला असं नसतं. जाड टिपेटवर तोच मासा लवकर हातात येतो आणि दमात असतानाच परत जातो. आपल्या हवामानात जाड टिपेट घेणं ही माशाशी बाळगलेली माणुसकी आहे, आणि या मुद्द्यावर मी कोणाचंही ऐकत नाही. मरळ तेवढी वेगळी, ती वर येऊन हवेतून श्वास घेते, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही तग धरते. तुम्ही तिला तशी वर येतानाच पाहत असाल. पण तलावात तुमच्या फ्लायला फक्त मरळच येईल असा करार कोणी केलेला नाही. भर उन्हाळ्यात मी सोडायच्या माशांमागे जातच नाही, गेलो तर पहाटे जातो आणि ऊन चढायच्या आत आवरतो.

उन्हाचं असं. नायलॉनचं रीळ मोटरसायकलच्या डिकीत, गाडीच्या काचेखाली किंवा पाळीवर उघडं ठेवू नका. जाड कापडी पिशवीत, घरातल्या थंड जागी. उन्हाळा काढलेलं रीळ पुढच्या हंगामात वापरण्याआधी हातभर तुकडा काढा, साधी गाठ मारा आणि ओढा. कुरकुरत तुटला तर रीळ बाद. लाइनवरही लक्ष ठेवा. थंड देशांसाठी बनवलेली फ्लाय लाइन आपल्या उन्हात लिबलिबीत आणि चिकट होते, आतेभावाची तशी असेल तर टिपेट कितीही बदला, कास्ट मरणारच. उष्ण प्रदेशासाठीची लाइन वेगळी मिळते.

स्क्रूगेज

ओढून पाहायचं असेल तर अंदाजाने नको. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या. टिपेटचा तुकडा अर्धा तास पाण्यात ठेवा, कारण नायलॉन मासेमारीत भिजलेलंच असणार, कोरडं मोजून उपयोग नाही. एका टोकाला नेहमीच्या गाठीने गळ बांधा, तो लाकडात अडकवा, दुसरं टोक काट्याला, आणि हळूहळू ओढा. झटका दिला तर आकडा निरर्थक. डोळ्यांवर चष्मा असू द्या, तुटताना गळ उडतो, आणि लहान मुलं जवळ नकोत. कुठे तुटलं ते बघा. जवळजवळ नेहमी गाठीपाशी. म्हणजे तुमच्या टिपेटची खरी ताकद रिळावरची नाही, तुमच्या हाताने मारलेल्या गाठीची आहे.

धाग्यात आपोआप पडणारी साधी गाठ असते ना, कास्ट करताना पडते ती, तीही याच काट्यावर तपासा. ताकद निम्म्याच्या आसपास येते. दर थोड्या कास्टनंतर टिपेटवरून बोट फिरवायची सवय लावून घ्या, गाठ सापडली की तिथून कापा.

नवखा गोंदिया

गाठी कोणत्या मारायच्या तेही सांगून टाका.

वऱ्हाडी गळ

दोनच शिका, पण अंधारात बांधता येतील इतक्या शिका.

लीडरला टिपेट जोडायला सर्जनची गाठ. दोन्ही धागे शेजारी धरा, एक मोठा फास करा, टिपेटचं अख्खं टोक आणि लीडरचं शेपूट एकत्र त्या फासातून तीनदा काढा. थुंकीने ओली करा आणि चारही टोकं एकदम, सावकाश ओढा. जाडी वेगळी असली, एक धागा नायलॉन आणि दुसरा फ्लोरोकार्बन असला, तरी ही गाठ धरते. ब्लड नॉट दिसायला सुंदर, पण दोन धाग्यांच्या जाडीत ०.०५ मि.मी.हून जास्त फरक असेल तर ती भरवशाची नाही.

फ्लायला क्लिंच. बारीक धाग्याला पाच वेढे, ०.३५ च्या वर तीन-चारच, नाहीतर वेढे एकावर एक बसत नाहीत. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने धागा तापतो आणि तिथेच कमजोर होतो. फ्लोरोकार्बनला तर दुप्पट ओलं करा.

पेंचकडचा

मरळीच्या बेडकाला मी क्लिंचऐवजी न आवळणारा फास मारतो. जाड धागा गळाच्या डोळ्यावर घट्ट बसला की फ्लाय काठीसारखी ताठ चालते. फासात ती सैल डुलते. जाड टिपेटचा हा एकच खरा तोटा आणि त्यावर हा उपाय पुरतो.

गरीवाला

गाठी मारल्या का धाग्याचे तुकडे कुठं टाकता? हे कोनीच लिहिलं नाई.

आमच्या जाळीचे तुकडे बी तलावात राह्यतात, मी फक्त तुमालेच म्हनत नाई. संस्थेत आमी हे बोलून राहिलो. बगळ्याच्या पायाले तंगूस गुंडाळलेला मी पाह्यला हाय, पाय काळा पडून गळून गेलता. गोंदियाकडे सारस राह्यतात, धानाच्या बांधीत अन् तलावाच्या काठानं चरतात. लांब पायाचा पक्षी हाय, त्याच्या पायात एक फेरा बसला का सुटत नाई. तुकडा खिशात टाका अन् घरी न्या, एवढंच मागनं हाय.

वऱ्हाडी गळ

दादा, बरोबर बोललात. आणि हे फ्लोरोकार्बनच्या विरोधातलं खरं कारण आहे, मी त्याची बाजू घेतली तरी. जे गुण मी वर सांगितले, पाणी शोषत नाही, उन्हाने मरत नाही, तेच तुकडा तलावात राहिला की शाप होतात. नायलॉनही वर्षानुवर्षं पडून राहतं, पण ऊन त्याला हळूहळू तरी ठिसूळ करते. फ्लोरोकार्बन आहे तसंच राहील. म्हणून जिथे फ्लाय अडकून टिपेट तोडावं लागण्याची खात्रीच आहे, कमळात, बेशरमात, तिथे ते लावूच नये. मी झाकणाच्या डबीत तुकडे ठेवतो. घरी आल्यावर बोटाएवढे कापून कचऱ्यात टाकतो, म्हणजे फास होत नाही.

चुलबंदकाठ

डबी आजच घेतो. दादा, संस्थेच्या सचिवांना भेटून आलो, आमच्या तलावावर विणीचा काळ सोडून रॉडने बसायला त्यांची हरकत नाही. मरळीची जोडी राखणीला असली तर तिथून उठायचं, हेही त्यांनीच सांगितलं.

खरेदी अशी ठरवतोय. मरळीला ०.३५ चं कडक नायलॉन. तिलापियाला ०.२० चं नायलॉन. डोहासाठी ०.२३ चं फ्लोरोकार्बन, तेवढं एकच महागाचं. लीडर विकत घेऊ की घरीच बांधू?

पेंचकडचा

घरीच बांधा. मरळीसाठी साडेसात फुटी पुरे. लांबीचे ढोबळ भाग ६०, २० आणि २० टक्के धरा. लाइनकडचा साडेचार फूट ०.५० चा, मधला दीड फूट ०.४० चा, आणि शेवटचा दीड फूट तुमचं ०.३५. सगळं नायलॉन, सर्जनच्या गाठीने. शेवटचा तुकडा सुरुवातीला तीन फुटांचा ठेवलात तर फ्लाय बदलताना कापत जायला जागा राहते.

डोहासाठी हाच लीडर नको, ९ फुटी करा. वरचा भाग ०.५०, मग ०.४०, मग ०.३० चा तुकडा आणि त्यापुढे फ्लोरोकार्बन. ०.४० ला थेट ०.२३ जोडलं तर गाठीपाशी बिजागरीसारखं मोडतं आणि फ्लाय मागेच पडते.

स्क्रूगेज

०.५० आणि ०.४० साठी साधा बाजारातला तंगूस चालेल, तिथे थोडी कमीजास्त जाडी खपते. पैसे शेवटच्या तीन फुटांवर घाला. रिळं आणलीत की साकोलीच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन प्रयोगशाळेत विचारा. शिक्षक आनंदाने मोजू देतील, आणि पोरांनाही प्रात्यक्षिकात तांब्याच्या तारेऐवजी काहीतरी नवीन मोजायला मिळेल.

गरीवाला

चुलबंदकाठ भाऊ, ०.३५ नका घेऊ. तुमच्या तलावाच्या उगवतीच्या पाळीले बेशरम लय दाट हाय, मी पाह्यलेला हाय तो तलाव. ०.४० घ्या. अन् बसायचं तं मावळतीकडच्या सांडव्याजवळ बसा, तिथं कमळात मोकळी गल्ली हाय.

चुलबंदकाठ

ठरलं दादा, ०.४०. मग मधला तुकडा ०.४५ चा करतो.